एक क्रेन, एक खलासी

साऱ्या भिलाईत आमच्या साडभाऊंइतकं बारीक कोणाला ऐकू येत नाही, आणि त्यांच्याइतकं कमी कोणी कोणाचं ऐकत नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्याहून मोठे, आवाजाने तर फारच मोठे. मी प्लँटच्या हिशेब खात्यात खुर्ची झिजवली, त्यांनी क्रेन चालवली. शेडच्या छताखाली रुळांवरून धावणाऱ्या त्या अजस्र क्रेनच्या केबिनमध्ये बसून, वितळलेल्या पोलादाने भरलेल्या बादल्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेणं, हे त्यांचं काम. उभा जन्म त्या गडगडाटात गेल्यामुळे ते चहात साखर मागतात तीही गल्लीच्या टोकाला ऐकू जाते. डायबिटीस असल्यामुळे ती त्यांना मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

रिटायर झाल्यावर काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू ओढून नेली. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आणि एके दिवशी खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "ऊन पडलं का नाई आज?" ऊन चांगलं कडक पडलेलं होतं. हळहळायला म्हणून माणसं घरी येऊ लागली, तर हेच त्यांची समजूत घालायचे. "जिंदगीभर वरून खाली पाहूनच राहिलो होतो ना बाप्पा. जेवढं पाहाचं होतं तेवढं पाहून झालं. आता तुमी पाहा आन मले सांगा." मात्र कोणी खरंच काही सांगायला गेलं की ते त्याला पुरं बोलू देत नसत.

त्यांचे कान म्हणजे एक प्रकरण आहे. मी जुनवानीला राहतो, ते हुडको कॉलनीत. माझी स्कूटर त्यांच्या गल्लीत वळली की आतून आवाज येतो, "साडभाऊ, मागचा ब्रेक घासून राहिला तुमचा." मी मेकॅनिककडे नेतो, मेकॅनिक चाक फिरवून म्हणतो, काही नाही साहेब, मस्त आहे. पुढच्या आठवड्यात ब्रेक घासत असतो. हुडकोच्या बाजारात ते काठी टेकत एकटे जातात आणि भाजीवाल्या बाईच्या पुढ्यात उकिडवे बसून एकेका वांग्याला बोटाने टिचकी मारतात. "ये भाटा परसों का है." बाई म्हणते, आज सकाळीच तोडलंय. हे दुसऱ्याला टिचकी मारतात. "ये वाला आज का है. वो परसों का है. दोनों को मिला के मत बेच." एकदा ती बाई काकुळतीला येऊन तिच्या छत्तीसगढीत मला विचारू लागली, "एला सहीच म नइ दिखय का?" यांना खरंच दिसत नाही का? मी हो म्हणालो, पण तिचा काही विश्वास बसलेला दिसला नाही.

तसाच त्यांचा फोन. आंधळ्या माणसाच्या फोनमध्ये एक बाई असते, ती पडद्यावरचं सगळं वाचून दाखवते. बोट फिरेल तसं बोलते. आमच्या साडभाऊंना ही बाई फार सावकाश बोलते असं वाटलं, म्हणून त्यांनी तिचा वेग वाढवला. पुन्हा वाढवला. आता ती जे काही बोलते ते फक्त त्या दोघांनाच समजतं. मला तर कढईत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. समोरच्या घरातल्या भाभींनी एकदा माझ्या बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं की जिजाजींच्या घरी दुपारची कोण बाई येते आणि ती एवढी भांडते कशाला.

ही भाभींची शंका निघाली तोवर आमच्या ताई, म्हणजे माझी मेव्हणी, जाऊन वर्ष होत आलं होतं. ताई होत्या तोवर साडभाऊंच्या वतीने बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं. भूक यांना लागायची आणि सांगायच्या त्या. त्या गेल्या आणि दवाखान्यात सोबत जायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मला कळलं की डोळे नसलेल्या माणसाला डॉक्टरांच्या लेखी तोंडही नसतं. एका दवाखान्यात डॉक्टरांनी साडभाऊंना खुर्चीत बसवलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "इनको क्या तकलीफ़ है?" मी तोंड उघडायच्या आत साडभाऊही माझ्याकडेच वळले. "साडभाऊ, डॉक्टर साहेबाले सांगा का यायले शुगर आहे." डॉक्टरांना त्यातली खोच कळली नाही. ते मलाच म्हणाले, "भूख लगती है इनको? नींद आती है?" मग मात्र क्रेनच्या केबिनमधला आवाज बाहेर पडला. "साढ़ू हैं ये मेरे, डॉक्टर साहब. मेरे पेट में नहीं रहते!" बाहेर रांगेत बसलेली एक म्हातारी दचकून उभी राहिली. परतताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. पावर हाउस चौकाजवळ एवढंच म्हणाले, "सामानासारकं घेऊन जाता तुमी मले, साडभाऊ. तुमचा दोष नाई. पण सामानासारकंच."

त्यांची एकुलती एक मुलगी बेबी पुण्याला असते. चाळिशीला आली तरी आमच्याकडे ती बेबीच. ताईंच्या नंतरच्या पहिल्या दिवाळीला ती आली आणि फराळाचं ताट पुढे सरकवून सरळ मुद्द्यावर आली. "पप्पा, अब बस. तुम्ही माझ्यासोबत पुण्याला चला. इथे रात-बेरात काही झालं तो डॉक्टर को कौन दिखाएगा? मौसाजी कब तक दौड़ेंगे?" बेबीचा फ्लॅट पुष्कळ वरच्या मजल्यावर आहे. साडभाऊ चिवडा चावत म्हणाले, "म्हंजे पुन्हा क्रेनच्या केबिनमधी बसवतं मले. फरक एवढाच, का खाली उचलाले काई नाई."

बाप-लेकीचं त्या दुपारी चांगलंच जुंपलं. दोघांचा आवाज एकाच कारखान्यातून निघालेला. शेवटी तह झाला तो असा: डॉक्टरला दाखवायचं काम साडभाऊंनी कोणाच्याही मदतीशिवाय स्वतः करायचं. जमलं तर हुडकोतच राहायचं. एकदा जरी अंगाशी आलं, तर एक शब्द न बोलता बेबीबरोबर गाडीत बसायचं. "दिला शब्द," साडभाऊ म्हणाले. आणि बेबीने त्यांच्या फोनवर घरबसल्या डॉक्टरशी बोलायचं ॲप टाकून दिलं. तिचा होरा असा की पप्पा आठवड्याभरात हात टेकतील. तिला स्वतःचे पप्पा पुरते ठाऊक नव्हते.

ते ॲप ज्या कोणी केलं असेल त्याने डोळे मिटून ते कधी वापरून पाहिलं नसावं. फोनमधली बाई वाचायची, "बटन. बटन. बटन. बटन." कशाचं बटण, ते तिलाही माहीत नाही. साडभाऊंनी एकेक दाबून पाहायचं ठरवलं. पहिल्याच खेपेला ते बालरोगतज्ज्ञांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. त्या डॉक्टरीणबाईंनी प्रेमाने विचारलं, "बच्चा कितने साल का है?" साडभाऊंनी खरं ते सांगितलं, "अड़सठ." बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "बच्चा रोता है क्या?" "पहले नहीं रोता था मैडम. आपके बटन देख के रोने लगा." बाई इतक्या हसल्या की त्यांनी स्वतः थांबून, मोठ्यांच्या डॉक्टरकडे जायचं बटण वरून कितवं आहे ते समजावून सांगितलं. पुढे कित्येक दिवस साडभाऊ मला बजावत होते की लहान पोरांना काही झालं तर याच बाईला दाखवा, फार चांगली आहे. आमच्या घरात लहान पोर कोणी नाही.

शेवटी त्यांना हव्या त्या डॉक्टर मिळाल्या. कुठल्या तरी दूरच्या शहरातली तरुण मुलगी, शांत आवाजाची. पहिल्याच दिवशी, दिवेलागण झाल्यावर, ती म्हणाली, "अंकल, कुछ दिख नहीं रहा. लाइट जलाइए." साडभाऊ म्हणाले, "जल रही है." "नहीं अंकल, बिलकुल अँधेरा है." साडभाऊंनी उठून बटण चाचपलं. खाली पाडलेलं होतं, म्हणजे दिवा लागलेला. तिथलं दुसरं, मग स्वयंपाकघरातलं, मग पोर्चमधलं, सगळी बटणं चालू होती. तिकडून ती मुलगी म्हणत होती, अँधेरा है अंकल, अब भी अँधेरा है.

त्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज त्यांच्या मानाने पुष्कळच खाली होता. "साडभाऊ, एक खरं सांगा. माह्या घरात अंधार असते काय?"

मी जायचो ते सकाळचा, डबा घेऊन. दिवेलागणीला त्या घरात दिवे लावायचं काम ताईंचं होतं. त्या गेल्यावर हे नेमाने बटणं दाबत राहिले, आणि बेबी दिवाळीहून परत गेल्यावर उरलेसुरले बल्बही एकामागून एक जात राहिले, आणि ते गेले हे सांगायला घरात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पावर हाउसच्या बाजारातून मी बल्ब आणले आणि स्टुलावर चढून सगळे बदलले. साडभाऊ खाली स्टूल धरून उभे होते आणि त्यांचा संताप मावत नव्हता. "मले नाई लागत लाइट. पण रस्त्यानं जानारे काय म्हनत असन? का या घरात कोनी राहत नाई? भुतासारका बसून राहिलो असन मी संध्याकाळचा!"

उजेड झाला, पण डॉक्टरला काय दाखवायचं ते फोनला कळेना. गळ्याला आलेली गाठ दाखवायची म्हणून त्यांनी त्या मुलीला आधी पंखा दाखवला, मग कॅलेंडर, मग दोरीवर वाळत घातलेलं बनियन. त्या दिवशी नेमके मी, आमची ही आणि समोरच्या भाभी तिघंही तिथे हजर होतो. आता डोळस माणसाला दुसऱ्याच्या हातातला फोन वाकडा दिसला की राहवतं कुठे? "वर घ्या, वर!" "डावीकडे!" "त्यांची डावी हो, तुमची नाही!" "जिजाजी, उल्टा पकड़े हो!" साडभाऊंनी फोन मांडीवर ठेवला आणि छप्पर हादरेल असे गरजले, "एक क्रेन, एक खलासी! बाकीचे सब बाहर!"

आम्ही भिंतीला टेकलो. मग ते त्या डॉक्टर मुलीला अगदी अदबीने समजावू लागले. मॅडम, क्रेनवाला वर केबिनमध्ये असतो. त्याला खाली कुठे काय आहे ते पुरतं दिसत नाही. खाली एक खलासी उभा असतो, तो हाताच्या खुणांनी सांगतो, माल कुठे न्यायचा. त्या खुणांना नावं आहेत. उचल म्हणजे 'हाबिस'. उतर म्हणजे 'आरिया'. आणि नियम असा, की एका क्रेनला एकच खलासी. मोठा साहेब आला आणि हात हलवू लागला तरी त्याच्याकडे बघायचं नाही. दोघांचं ऐकलं की बादली कोणाच्या तरी अंगावर. "फ़क़त एक बात अलग है मैडम. स्टॉप. स्टॉप का सिग्नल कोई भी दे सकता है. झाड़ू मारने वाला भी दे, तो क्रेन वहीं खड़ी करना. क्यों दिया, ये बाद में पूछना." मग ते म्हणाले, "मैं आज भी केबिन में ही हूँ. सिग्नल आप दीजिए."

ती मुलगी दुसऱ्या कोणासारखी असती तर "ठीक है अंकल" म्हणून पुढच्या पेशंटकडे वळली असती. ही म्हणाली, "ऊपर वाला क्या बताया आपने? हाबिस?" आणि जमलं की तिला! "थोड़ा हाबिस... और हाबिस... अब ज़रा आरिया... बस!" साडभाऊंचा हात असा काही सरकत होता की मी बघतच राहिलो. ना झटका, ना थरथर. गाठ साधी निघाली. पण माणूस त्या दिवसापासून दहा वर्षांनी तरुण झाला. मुख्य म्हणजे ती मुलगी जे विचारायचं ते त्यांनाच विचारायची. दुसरं कोणी बोलायला लागलं तर म्हणायची, "एक मिनट, अंकल से पूछ लूँ." गल्लीत ज्याला त्याला साडभाऊ सांगू लागले, "खलासी चांगली भेटली मले." लोकांना काही कळायचं नाही, पण त्यांचा चेहरा बघून लोक हो म्हणायचे.

उन्हाळा सुरू झाला होता तेव्हाची गोष्ट. हिने सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, केल्या होत्या, त्या घेऊन मी दुपारी गेलो, तर साडभाऊ दिवाणावर बसून फोन लावत होते. मला हाताने गप्प बसायची खूण केली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. डॉक्टर मुलगी आली. "अंकल, आज क्या दिखा रहे हैं?"

"दाहिना पाँव. दर्द-वर्द कुछ नहीं है. बस, दो दिन से चप्पल चिपक रही है. मुझे लगा गुड़ पर पाँव पड़ा होगा. फिर याद आया, घर में गुड़ है ही नहीं. ये लोग लाने नहीं देते."

हसायचं माझ्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात त्यांनी पाय मांडीवर घेतला. मला कोपऱ्यातून दिसलं. अंगठ्याखाली खोल जखम होती, आणि त्यांना तिचा पत्ता नव्हता, कारण शुगरने त्या पायाची जाणीव कधीच नेली होती. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि तसाच थांबलो. खलासी सिग्नल देत होता. "आरिया... आरिया... थोड़ा हाबिस... बस." साडभाऊ फोन न हलवता धरून बसले होते.

"अंकल," ती म्हणाली, "आज ही अस्पताल जाना पड़ेगा. अभी. पाँव ज़मीन पर रखना नहीं है."

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते काय विचार करताहेत. बेबी त्या आठवड्यात यायची होती. दवाखान्यात भरती म्हणजे अंगाशी आलं. अंगाशी आलं म्हणजे पुणे. "मैडम," ते म्हणाले, "लड़की आ रही है मेरी. चार दिन रहेगी, चली जाएगी. उसके बाद जाता हूँ न. पक्का."

"अंकल, स्टॉप."

ती हे ओरडली नाही, नेहमीच्याच आवाजात बोलली. पण आमच्या साडभाऊंनी, ज्यांनी माझ्या माहितीत सासऱ्याचं, साहेबाचं, बायकोचं, कोणाचं म्हणून कधी ऐकलं नव्हतं, फोन अलगद खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. "हाँ मैडम," ते म्हणाले. "स्टॉप." मग माझ्या दिशेला तोंड करून, "साडभाऊ, ब्रेक ठीक केला का नाई अजून? नसन केला तर ऑटो बोलवा."

पाय वाचला. जखम साफ करून, औषधं देऊन, आठवडाभर ठेवून घेतलं. तिथले सर्जन मला म्हणाले, "ये टाइम पर आ गए. आँख वाले लोग तो पाँव काला पड़ने के बाद आते हैं. इन्होंने देखा कब?" कॉटवरून उत्तर आलं, "हम देखते नहीं हैं डॉक्टर साहब. हम दिखाते हैं." सर्जन हसले आणि त्यानंतर जे विचारायचं ते कॉटकडे तोंड करून विचारू लागले.

बेबी पुण्याहून आली ती एक भली मोठी रिकामी बॅग घेऊन. साडभाऊंना घरी आणलं, दिवाणावर बसवलं, आणि तिने कपाट उघडलं. मी आणि ही वाट बघत होतो की आता गर्जना होणार. झाली नाही. शब्द म्हणजे शब्द. ते भिंतीला टेकून बसले होते आणि कपड्यांचा आवाज ऐकत होते. एकदा फक्त म्हणाले, "खालच्या खणात स्वेटर आहे, बेबी. तुह्या आईनं विणलेला. तो राहू देऊ नको." आमची ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना भांडी घासू लागली. मलाही फार वाईट वाटलं. एवढा मोठा आवाज त्या घरात इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मग ड्रेसिंग दाखवायची वेळ झाली आणि त्यांनी फोन लावला. बेबी शेजारीच बसली. ती मुलगी पडद्यावर येताच बेबी म्हणाली, "डॉक्टर, मैं इनकी बेटी. पप्पा को ना, कल से—"

"नमस्ते," ती म्हणाली. "एक मिनट, पहले अंकल से पूछ लूँ? अंकल, कैसे हैं? चलिए, पाँव दिखाइए. हाबिस..."

बेबीने माझ्याकडे पाहिलं, हे काय चाललंय म्हणून. फोन जरा एका बाजूला गेला. बेबीचा हात आपोआप तो सरळ करायला पुढे झाला, आणि मध्येच थांबला. पप्पांचा हात स्वतःच परत येत होता, सिग्नलच्या मागोमाग. ती थोडा वेळ बघत राहिली. मग हळूच उठली, मला खुणेने बाहेर बोलावलं आणि आपल्या मागे दार ओढून घेतलं.

आम्ही पोर्चमध्ये उभे राहिलो. दार बंद असून काही उपयोग नव्हता, कारण आत बोलणारा माणूस क्रेनवाला होता. पायाचं झालं. मग ती मुलगी काहीतरी विचारत होती, ते ऐकू आलं नाही, पण उत्तर सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल. "नींद आती है मैडम. शाम को थोड़ा भारी लगता है. घरवाली का टाइम था वो, लाइट जलाने का. ... नहीं, डर नहीं लगता. यहाँ मेरे हाथ को सब मालूम है, कौन सी चीज़ कहाँ रखी है. वहाँ लड़की मुझे पकड़-पकड़ के चलाएगी. प्यार से चलाएगी, पर चलाएगी वोच." मग ती पुन्हा काही विचारत असावी. "नहीं मैडम, उसको नहीं बोला. उसको कैसे बोलूँ? शब्द दिया है."

बेबीने खांबाला डोकं टेकलं. "मौसाजी," ती म्हणाली, "पप्पांनी मला आजपर्यंत अपनी एक भी तकलीफ़ नहीं बताई. हमेशा मम्मी बताती थी." तिने ओढणीने डोळे पुसले. "मी तर समजत होते की यांना काही होतच नाही."

मग ती आत गेली. बॅग उघडून एकेक कपडा परत ठेवू लागली. साडभाऊ कान टवकारून बसले होते. स्वेटर खालच्या खणात गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "स्वेटर होता काय तो?" बेबी म्हणाली, हो. "उलटा ठेवला. गळा भिंतीकडे पाहिजे." बेबीने गळा भिंतीकडे केला. मग साडभाऊंनी खाकरून गळा साफ केला आणि माझ्यावर ओरडले की त्या दिवशी सांबारवड्या आणल्या होत्या त्या कोणी खाल्ल्या. आमची ही स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली, तेव्हा मला कळलं की आता सगळं ठीक आहे.

जाताना बेबीने एकच अट घातली: दर रविवारी दोन्ही तळपाय खलासी मॅडमला दाखवायचे. साडभाऊंनी ती मान्य केली आणि आजवर पाळली आहे. बाकी काहीच बदललं नाही. मागच्या महिन्यात मला गुडघा दुखतो म्हणून ॲपवर डॉक्टर बघायचा होता, तर हे माझा फोन हातात घेऊन शिकवायला बसले, आणि अर्ध्या तासाने मी बालरोगतज्ज्ञांच्या पुढ्यात होतो.

अंधार पडता पडता मी कधी पावर हाउसहून परततो, तेव्हा मुद्दाम हुडकोतून जातो. त्यांच्या घरासमोर गाडी हळू करतो. हॉर्न वाजवायची गरज नसते.

"साडभाऊ! ब्रेक अजून घासूनच राहिला!" आतून येतं. आणि मग, जरा थांबून, "लाइट लागले काय सगळे?"

मी बघतो. पोर्चमधला लागलेला असतो, बाहेरच्या खोलीतला लागलेला असतो, देवघरातला लागलेला असतो. स्वयंपाकघरातलाही, ताई उभ्या राहायच्या तिथला. उजेडात ते एकटे बसलेले असतात, तोंड रस्त्याकडे करून.

"लागले," मी ओरडून सांगतो.

"मग बस," ते म्हणतात, आणि मी गाडी जुनवानीच्या रस्त्याला लावतो.